अण्णांबरोबर 'द ट्युरिन हॉर्स' पाहिला. तुम्ही इतक्यात काय वेगळं पाहिलंत?

मंगळवार_पेठ | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी वाचून गप निघून जातो पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून लिहितोय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

काल रात्री बेला तारचा 'द ट्युरिन हॉर्स' पाहिला. २०११ चा हंगेरियन पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट, अडीच तासांच्या आसपास, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये मोजून तीसेक शॉट, म्हणजे एकेक शॉट पाच पाच मिनिटांचा. याआधी दोनदा लावला होता आणि दोन्ही वेळा वीस मिनिटांत बंद केला. काल उकाड्यानं घरात कुणालाच झोप नव्हती, अण्णा (माझे वडील) पण जागेच होते, म्हटलं लावू, झोप लागली तर लागली.

अण्णांबद्दल थोडं सांगतो. टॉवेलच्या मागावर पस्तीस वर्षं, त्यातली शेवटची बारा जॉबर (मागांवर देखरेख ठेवणारा) म्हणून. मूळ गाव मंगळवेढ्याकडं. पिक्चर म्हणजे त्यांच्यासाठी दादा कोंडके नाहीतर सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मित्रांबरोबर पाहिलेले तेलुगू पिक्चर. इंग्रजी सबटायटल त्यांना वाचता येत नाहीत, मी मधेमधे मराठीत सांगत होतो. पण यात बोलणंच इतकं कमी आहे की सांगायची वेळच फार आली नाही.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक माणूस सांगतो की १८८९ साली ट्युरिन शहरात नीत्शे (जर्मन तत्त्वज्ञ) रस्त्यानं चालला होता, एक टांगेवाला अडून बसलेल्या घोड्याला मारत होता, तर नीत्शेनं जाऊन त्या घोड्याच्या गळ्याला मिठी मारली, रडला, आणि त्यानंतर त्याचं डोकं फिरलं ते शेवटपर्यंत. मी हे सांगत होतो आणि शेवटचं वाक्य सांगायच्या आत अण्णांनी विचारलं, "मग घोड्याचं काय झालं?" मंडळी, ते शेवटचं वाक्य तेच आहे, की घोड्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वेळा या पिक्चरबद्दल वाचलं मी, पण माझं लक्ष दर वेळी नीत्शेवरच.

मग माळावरचं एक दगडी घर, बाप, मुलगी आणि तो घोडा, सहा दिवस, बाहेर सतत वारा. बापाचा उजवा हात लुळा, म्हणून मुलगी रोज त्याला कपडे चढवते, उतरवते. विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणते. बटाटे उकडते, एक त्याला एक तिला, लाकडी ताटलीत, चमचा नाही काही नाही. बाप तो गरम बटाटा एका हातानं सोलतो, मीठ टाकतो, भराभर तोंडात कोंबतो आणि निम्मा तसाच टाकून उठतो. हे रोज. मला वाटलं अण्णा आता उठतील, मग उठतील. ते उशीला टेकून बसले होते ते पुढं सरकून बसले. मुलगी कपडे चढवते तिथं एवढंच म्हणाले, "आईला शेवटी शेवटी असंच करावं लागायचं." आजी दोन वर्षं अंथरुणाला होती, तिचं सगळं अण्णांनी केलं.

घोडा खायचं सोडतो, पाणी पण पीत नाही. अण्णा म्हणाले जनावराला आधी कळतं. आणि खरंच पुढं विहीर आटते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. विहीर आटल्यावर ती दोघं सगळं सामान हातगाडीवर लादतात, घोडा मागं बांधतात, मुलगी गाडी ओढते, आणि निघतात. लांब टेकडीवर एक झाड आहे, त्याच्या पलीकडं दिसेनासे होतात. कॅमेरा तिथंच. रिकामी टेकडी आणि वारा. आणि मग तीच गाडी टेकडीवरून परत येते. का परत आले ते पिक्चरमध्ये कुणीच सांगत नाही. मी यावर किती वाचलं होतं, पलीकडं जगच उरलेलं नाही, देवानं सहा दिवसांत जग घडवलं त्याचा हा उलटा प्रवास, असं बरंच. अण्णा लगेच म्हणाले, "पुढून येणाऱ्यांनी सांगितलं असंल, तिकडंबी पाणी नाही."

मी पिक्चर थांबवला. मग त्यांनी ७२ सालच्या दुष्काळाचं सांगितलं. तेव्हा ते नऊ वर्षांचे. गावातला आड आटला, आजोबांनी बैलगाडीत भांडी, धान्याची कणगी, आजी आणि तिन्ही पोरं घातली आणि सांगोल्याच्या रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेत समोरून येणारी गाडी भेटली. त्यातले लोक म्हणाले आम्हीच तिकडून निघालोय. आजोबा बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसले आणि मग गाडी वळवून परत घरी. त्यानंतर खडी फोडायचं काम, वाटपाची सुकडी, तो लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी), हे मला माहीत होतं, पण ही गाडी वळवलेली गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी सांगितली नव्हती. मी बत्तीस वर्षांचा आहे.

मग उरलेला पिक्चर पाहिला. शेवट सांगत नाही.

तर माझे दोन प्रश्न. एक, असे पिक्चर घरच्या मोठ्या माणसांबरोबर तुम्ही पाहिलेत का आणि काय झालं? आणि दुसरा, इतक्यात तुम्ही काय पाहिलंत जे डोक्यातून जात नाही? आर्ट म्हणा, कल्ट म्हणा, काहीही चालेल. सोलापुरात हे पिक्चर पडद्यावर येत नाहीत आणि बोलायला माणूस मिळत नाही.

---

सातरस्ता_सोलापूर | सोमवार, सकाळी ७:१५

ऑफिसला निघता निघता वाचलं आणि बसस्टॉपवर डोळे भरून आले. अण्णांना नमस्कार सांगा.

मी पाहिलेला म्हणजे 'साबर बोंडं', रोहन कानवडेचा. २०२५ च्या सप्टेंबरात रिलीज झाला तेव्हा पुण्यात बहिणीकडं होते म्हणून थिएटरात पाहायला मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालेलं, मराठी पिक्चरला तिथलं असं काही पहिल्यांदाच. पण मी बक्षिसासाठी गेले नव्हते, नावासाठी गेले होते. अक्कलकोटजवळ आमच्या आजोळी बांधाला निवडुंगाचं रान होतं. आजी बोंडं आणायची, लिंबाच्या डहाळीनं घासून काटे काढायची आणि मग आम्हाला द्यायची, दोन दिवस जीभ लालभडक. हे नाव पोस्टरवर वाचून थिएटरात जाईन असं कधी वाटलं नव्हतं.

गोष्ट साधी आहे. आनंद मुंबईला नोकरीला, वडील जातात, दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावाकडं येतो. नातेवाईक सारखे लग्नाचं विचारतात. लग्न तो करणार नाही कारण त्याला पुरुष आवडतात, हे आईला माहीत आहे. आणि गावात लहानपणीचा मित्र बाळ्या. बस एवढंच. बॅकग्राउंड म्युझिक अजिबात नाही, भांड्यांचे आवाज, शेळ्या, झाडाखालची शांतता.

माझे पप्पा २०२१ ला गेले. ते दहा दिवस मी विसरले नाही. घरात माणसं भरलेली, रडायलाही जागा नाही, आणि तिसऱ्याच दिवशी एक मावशी म्हणाली आता हिचं वर्षाच्या आत उरकायला पाहिजे. पिक्चरमध्ये अगदी तसंच एक बाई बोलते आणि आनंद काही उत्तर देत नाही, नुसता बसून राहतो. कॅमेरापण हलत नाही. मला थिएटरात वाटलं की चला, कुणीतरी ते दहा दिवस जसेच्या तसे पाहिलेत.

आईला दाखवायचा आहे. धाडस होत नाहीये. दोन पुरुषांचं प्रेम ती कसं घेईल ते कळत नाही, पण पिक्चरमधली ती आई बघून माझ्या आईला काहीतरी आपलं वाटेल असंही वाटतं. तुमचं वाचून ठरवलंय की दाखवायचा.

---

पार्क_चौक_९२ | सोमवार, दुपारी १:०५

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

अण्णांचा अनुभव मोठा आहे, त्यावर काही म्हणायचं नाही. पण हळू पिक्चर म्हणजे भारी पिक्चर असं जे झालंय ना ते मला पटत नाही. फेस्टिव्हलला मी दोन वर्षं पुण्याला जाऊन आलोय, त्यात निम्मे पिक्चर असे होते की माणूस भिंतीकडं बघतो, भिंत माणसाकडं बघते, आणि बाहेर आल्यावर लोक म्हणतात काय स्टेटमेंट आहे. बेला तार करतो म्हणून सगळ्यांना जमतं असं नाही.

माझ्या डोक्यातून न जाणारा पिक्चर 'तुंबाड'. २०१८ ला लागला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी गेलो, अख्ख्या थिएटरात आम्ही दहा बारा जण. आठवड्यात उतरला. मी तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं की जा, कुणी गेलं नाही. मग सहा वर्षं लोकांनी घरी मोबाईलवर, टीव्हीवर पाहिला, एकमेकांना सांगितलं, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला परत रिलीज केला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. मी परत गेलो. यावेळी मागूनही खुर्ची मिळत नव्हती. ज्या पोरांनी घरी चार चार वेळा पाहिलाय ती पोरं पैसे देऊन पाचव्यांदा आली होती, हस्तर यायच्या आधीच सगळे गप. कल्ट म्हणजे हे. डायरेक्टर कल्ट बनवत नसतो, माणसं बनवतात, सहा वर्षं खपून बनवतात.

आणि तो काय नुसता भुताचा पिक्चर नाही. हस्तर कोण, तर देवीचा पहिला मुलगा, त्याला सोनं आणि धान्य दोन्ही पाहिजे होतं. सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून तो युगानुयुगं उपाशी आहे, आणि पिक्चरचा हिरो विनायक त्याला पिठाची बाहुली दाखवतो, तो तिच्यावर तुटून पडला की तेवढ्यात मोहरा काढून घेतो. उपाशी देवाला पीठ दाखवून लुटणं! राही बर्वेनं सतत पाऊस ठेवलाय त्यात, खरा पाऊस, कित्येक पावसाळे घालवले शूटिंगला. सबंध पिक्चर ओला आहे. आपल्या दुष्काळी माणसाला तो पाऊसच आधी अंगावर येतो.

एकच खंत. घर मराठी, वाडा मराठी, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, आणि पिक्चर हिंदीत. मला मराठीत ऐकायचा होता.

---

मंगळवार_पेठ | सोमवार, दुपारी १:३०

राग कसला, उलट बरं वाटलं. हळू म्हणून भारी असं मलाही वाटत नाही, मी स्वतः दोनदा बंद केला होता की. आणि तुम्ही लिहिलेलं पिठाच्या बाहुलीचं वाचून एकदम वाटलं, इकडं बटाटा, तिकडं पीठ, सातरस्ता ताईंच्या पिक्चरमध्ये बोंडं. लक्षात राहिलं ते सगळ्यांना खाण्याचंच.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ९:२०

मुलांनो, तुमचे लेखन वाचून आनंद झाला. माझे वय सत्तर आहे, टायपिंग हळू होते, चुका झाल्यास समजून घ्यावे.

सोलापुरात असे सिनेमे येत नाहीत असे वर म्हटले आहे, ते आजचे झाले. पूर्वी येत असत, निराळ्या वाटेने. मी कॉलेजात असताना काही प्राध्यापकांनी मिळून सिनेमा दाखवण्याचा उद्योग चालवला होता. रिळांचे डबे मुंबईहून रेल्वेने यायचे, आम्ही दोघे तिघे स्टेशनवर जाऊन हमालासारखे उचलून आणायचो. प्रोजेक्टर एकच. एक रीळ संपले की दिवे लावायचे, दुसरे चढवायचे, मग पुन्हा अंधार. त्या मधल्या पाच मिनिटांत जी चर्चा व्हायची तशी चर्चा मी नंतर कधी ऐकली नाही.

'सामना' मी १९७५ मध्ये टॉकीजमध्ये पाहिला. जब्बार पटेल आपल्याच जिल्ह्यातले, जन्म पंढरपूरचा. तेंडुलकरांची पटकथा, निळूभाऊंचा साखरसम्राट हिंदुराव आणि डॉ. लागूंचा तो दारुडा मास्तर. तो सिनेमा बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाला गेला होता, पण तेव्हा आम्हाला त्याचे काही नव्हते. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना म्हणजे काय असतो हे प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाला ठाऊक होते. मास्तर प्रश्न विचारू लागला की टॉकीज शांत व्हायचे. माझ्या शेजारी बसलेला ऊसवाला शेतकरी अस्वस्थ होऊन दोनदा बाहेर जाऊन आला आणि शेवटी परत येऊन बसला. मीही पुढे शिक्षक झालो, त्याचे एक कारण तो सिनेमा आहे असे मला आजही वाटते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. १९८५-८६ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतले राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट लागत. एका रविवारी गिरीश कासरवळ्ळींचा 'घटश्राद्ध' लागला. १९७७ चा कन्नड चित्रपट, त्या वर्षी देशातला सर्वोत्तम ठरलेला. माझी आई इंडी तालुक्यातली, माहेर कानडी. लग्न होऊन सोलापुरात आली आणि सासरी मराठीच बोलली, कानडी फक्त भांडी घासताना स्वतःशी. टीव्हीवर कानडी ऐकू आले तशी ती ओल्या हातानेच येऊन दारात उभी राहिली आणि सबंध सिनेमा दारातच उभी राहून पाहिला.

त्या चित्रपटात यमुना नावाची तरुण विधवा आहे. तिला दिवस जातात. तिचे वडील वेदपाठशाळा चालवतात. ते जिवंत मुलीचे श्राद्ध घालतात, घट फोडतात, म्हणजे ती त्यांच्यापुरती मेली. हे सगळे एक लहान मुलगा बघतो, त्याला काही कळते, काही कळत नाही. सिनेमा संपल्यावर आई मराठीत म्हणाली, "आमच्या गावात एक होती." आणि परत मोरीत गेली. कोण होती, काय झाले, मी पुढे पुष्कळ विचारले, तिने सांगितले नाही. १९९८ मध्ये आई गेली.

पार्क चौकवाल्यांना एक सांगतो. त्या काळी एकच वाहिनी होती, म्हणून लोक बसून बघायचे, त्यात चोखंदळपणा नव्हता हे खरे. पण बसल्यामुळे बघणे झाले. आज बटण हातात आहे. 'घटश्राद्ध'ची जुनी प्रत सुधारून २०२४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवली, हे पेपरात वाचले तेव्हा मला आधी आईचे ओले हात आठवले.

---

पुण्यात_नोकरी | सोमवार, रात्री १०:०२

मास्तर, तुमचं वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. रोज लिहा इथं.

मी छोटंसं लिहितो. या महिन्यात रशियन डायरेक्टर तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' पाहिला, १९७९ चा. मॉसफिल्म स्टुडिओनं त्यांच्या यूट्यूबवर स्वतःच टाकलाय, फुकट, सबटायटलसकट, त्यामुळे सापडत नाही हे कारण नाही. तीन माणसं, एक वाट दाखवणारा, एक लेखक, एक प्रोफेसर, 'झोन' नावाच्या बंदी घातलेल्या जागेत जातात, तिथं एक खोली आहे जी मनातली खरी इच्छा पुरी करते म्हणतात. सुरुवातीचं जग सगळं मातकट रंगाचं, आणि रुळावरच्या छोट्या ट्रॉलीवरून ते झोनमध्ये शिरतात तेव्हा रंग येतो. एस्टोनियात तालिनजवळ शूट केलाय. आधी शूट केलेली फिल्म धुताना खराब झाली, मग परत जवळजवळ सगळा पिक्चर नव्यानं काढला.

त्या ट्रॉलीबद्दल बोलायचं होतं. काही मिनिटं नुसती तीन माणसांची डोकी आणि रुळांचा खटखट आवाज. आणि तो आवाज हळूहळू बदलत बदलत कधी संगीत होतो ते कळतच नाही. मला एकदम आमचं जुनं घर आठवलं, शेजारी बारा माग होते. लहानपणी त्या खटाखटीत झोपायचो आम्ही, आणि रविवारी माग बंद असले की झोप यायची नाही. झोपेत त्या आवाजाची पण अशीच काहीतरी चाल व्हायची. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हेडफोन लावून बसलो होतो, रडायलाच आलं. मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका एवढी विनंती आहे, हेडफोन नसेल तर थांबा पण तसा बघू नका.

झोनमधल्या पडक्या इमारती, पाण्याखाली पडलेल्या गंजलेल्या वस्तू, त्यात उगवलेलं गवत हे बघताना गिरण्यांची बंद आवारं डोळ्यासमोर येत होती. लहानपणी क्रिकेटचा बॉल भिंतीपलीकडं गेला की आत कोण जाणार यावर भांडणं व्हायची. जो जायचा तो आल्यावर आम्ही सगळे त्याच्याभोवती, आत काय होतं सांग.

---

घोंगडेवस्ती | मंगळवार, सकाळी ८:५०

कसं लिहिलालाव बे सगळे, कामावर जायला उशीर झाला माझा.

मला एवढं मोठं लिहिता येत नाही. मी 'विहीर' सांगतो, उमेश कुलकर्णीचा, २०१० च्या आसपासचा. दोन मावसभाऊ, नचिकेत आणि समीर, आजोळी लग्नाला जमतात, लपाछपी खेळतात. नच्या म्हणतो मला सगळ्यातून निघून जायचंय. आणि मग तो विहिरीत बुडून जातो. पुढं निम्मा पिक्चर समीर त्याला हुडकतो. मेलेल्या माणसाला लपाछपीतल्यासारखं हुडकलालाय तो.

माझा चुलतभाऊ आमच्या शेतातल्या विहिरीत गेला, मी अकरावीत होतो. पोहायला येत होतं त्याला. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी काढत नाही, फोटो पण भिंतीवरनं काढला काकूनं. हा पिक्चर मी तीन वेळा बघितला, तिन्ही वेळा एकटा. अण्णांसारखं कुणाबरोबर बसून बघायचं होतं. तुम्ही परत कधी लावणार असाल तर मला बोलवा, मी येतो. गप बसून बघतो.

---

सातरस्ता_सोलापूर | मंगळवार, सकाळी ९:३०

घोंगडेवस्ती, तुम्ही भावाचं इथं लिहिलंत ते फार बरं केलंत.

आणि मी पण येईन. आईला घेऊन येईन. साबर बोंडं नंतर, आधी दुसरं काहीतरी, म्हणजे तिला लोकांमध्ये बसून बघायची सवय होईल.

---

पार्क_चौक_९२ | मंगळवार, दुपारी २:१०

माझ्याकडं प्रोजेक्टर आहे, आयपीएलसाठी घेतलेला. पडदा नाही.

आणि मास्तरांना म्हणायचं होतं, तो दोनदा बाहेर जाऊन आलेला ऊसवाला शेतकरी माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी काल जे लिहिलं त्यातलं सगळं मागं घेत नाही, फेस्टिव्हलमधले ते निम्मे पिक्चर मला आजही खोटेच वाटतात. पण 'ट्युरिन हॉर्स' बघणार, शब्द दिला.

---

मंगळवार_पेठ | मंगळवार, रात्री १०:४५

मंडळी, सगळे रिप्लाय अण्णांना वाचून दाखवले. मास्तरांच्या आईचं दोनदा वाचायला लावलं. घोंगडेवस्तीचं वाचल्यावर काही बोलले नाहीत, थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोराला बोलव."

तर ठरवूया. येत्या रविवारी आमच्या गच्चीवर. पडद्याची काळजी नको, सोलापुरात पांढरी डबल चादर मिळत नाही असं कधी झालंय? पत्ता मी प्रत्येकाला वेगळा पाठवतो, इथं लिहीत नाही. पंधरा वीस माणसं आरामात बसतील. खाली चटया आहेत, मोठ्यांसाठी खुर्च्या. आई कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही करणार म्हणाली, कुणी काही आणू नका.

कुठला लावायचा यावर घरात थोडी चर्चा झाली. मला 'विहीर' पाहिजे होता. अण्णा म्हणाले पहिल्याच दिवशी त्या पोरासमोर तो नको, त्याला आधी चार माणसं ओळखू दे. म्हणून मग 'घटश्राद्ध'. मास्तर, तुमच्याकडं असला तर? सबटायटल इंग्रजी असतील तर गच्चीवर निम्म्या लोकांना वाचता येणार नाहीत. शेजारच्या काकू येणार आहेत, आयुष्यभर विड्या वळल्या त्यांनी, घरात तेलुगू बोलतात, मराठी समजतं, वाचता येत नाही.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६:३०

मुलाने जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून दिला आहे. चित्र फिके आहे, आवाज बरा आहे. मधे एके ठिकाणी पट्टी सरकते, तेवढे सहन करावे लागेल.

भाषेची चिंता नको. मी पडद्याच्या बाजूला बसून मराठीत सांगत जाईन. आईची कानडी मला येते.

किती वाजता?

---

मंगळवार_पेठ | बुधवार, सकाळी ७:०५

साडेसात म्हणणार होतो पण आठ करू. मागच्या बोळातल्या एका शेडमध्ये रविवारीही माग चालू असतात, पावणेआठला बंद होतात. त्याआधी मास्तरांचा आवाज ऐकू येणार नाही.